भिंतीवरचा शुक्र

त्याला सगळे गच्चीवाला म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं शहरात पुष्कळ होती, पण गच्चीवाला हा एकटाच. लिफ्टचं यंत्र असतं इमारतीच्या अगदी डोक्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत. त्यामुळे निम्म्या शहराच्या गच्च्यांच्या किल्ल्या याच्या कमरेला खुळखुळत असत. काम आटोपलं, दोर तपासून झाले, हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं, की दुसरा कुणीही मुकाट खाली उतरला असता. हा मात्र पाण्याच्या टाकीला पाठ टेकून वर बघत बसायचा. अशाच एका गच्चीवर त्याला एक औषधाचा दुकानदार भेटला. तो दुर्बीण लावून बसला होता. त्यानं याला शनीचं कडं दाखवलं आणि याचा निकाल लागला.

वर्षभरात यानं स्वतःची दुर्बीण मिळवली. लांब पितळी नळीची, पुढे भिंग असलेली, कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेतून निघालेली. तिच्यासाठी तिपाई त्यानं भंगारातल्या लोखंडी पट्ट्या जोडून घरीच बनवली. त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा घशाखाली उतरला, की स्वारी वर.

बायको घरीच शिलाईकाम करायची. नवीन कपडे शिवण्यापेक्षा आहेत ते लहानमोठे करून देण्यात तिचा हात बसलेला. कुणाची पँट कमरेत सैल कर, कुणाचा झगा उंचीला कमी कर. पूर्वेच्या खिडकीशी तिचं मशीन, आणि मशीनशेजारी फोन. गच्चीवाल्यासाठी फोन आला की ती सांगायची, "ते वर गेलेत." एकदा त्याच्या कंपनीत आलेल्या नव्या साहेबानं हे ऐकलं. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "कधी?"

"आत्ताच. चहा झाल्या झाल्या."

"अरेरे. काही त्रास होता का?"

"त्रास मला आहे. त्यांना कसला?"

हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं चालला. पाहुण्यांसमोर ती रंगवून सांगायची, गच्चीवालाही पोट धरून हसायचा. शेवटचं वाक्य मात्र तिनं विनोद म्हणून केलेलं नव्हतं, आणि ते त्याच्या कधी लक्षातही आलं नाही. त्यांच्यात भांडण असं झालंच नाही. भांडायचं तर माणूस समोर तरी हवा.

त्यांना एक मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. ठकी शिकली, हुशार निघाली आणि तिला दूरच्या देशात नोकरी लागली. तिच्या विमानाचा दिवस ठरला आणि गच्चीवाल्यानं कपाळावर हात मारला. नेमक्या त्याच दिवशी शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मध्ये शुक्र येतो आणि सूर्याच्या तबकडीवरून एक काळा ठिपका सरकत जाताना दिसतो, त्याला अधिक्रमण म्हणतात. हा योग जोडीनं येतो. एकदा आला की आठ वर्षांनी पुन्हा, आणि मग शंभराहून जास्त वर्षं नाहीच. औषधवाल्यानं आणि त्यांच्या आकाशनिरीक्षण मंडळातल्या लोकांनी एका टेकडीवर जायचा बेत केव्हाच पक्का केला होता.

"विमानं काय, रोजच उडतात," गच्चीवाला म्हणाला. अगदी हसत, सहज म्हणाला.

ठकी म्हणाली, "जा बाबा तुम्ही. मी काय, सुट्टीला येईनच." आई टाचण्या एकेक करून उशीत खोचत राहिली.

टेकडीवर दिवसभर ढग होते. मंडळातली माणसं दुर्बिणींवर प्लॅस्टिक पांघरून बसली, आणलेला कोरडा पाव त्यांनी खाल्ला, एकमेकांना धीर दिला आणि अंधार पडायच्या आत उतरली. तो घरी आला तेव्हा ठकीच्या खोलीतला दिवा बंद होता. बायको मशीनवर होती.

"दिसला?"

"नाही. ढग होते."

"बरं," ती म्हणाली आणि जेवण गरम करायला उठली. तिनं टोमणा मारला नाही. मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ठकी सुट्टीला आली, पण पहिल्या वर्षी नाही, आणि दुसऱ्याही नाही. आली तेव्हा तिला घाईच फार होती. गच्चीवाला कामावरून निवृत्त झाला, किल्ल्या परत गेल्या, आणि त्याला स्वतःच्या इमारतीची गच्ची तेवढी उरली. ती त्याला पुरत होती. दुसरा योग यायला आता फार दिवस राहिले नव्हते. तो त्याचं गणित मनात घोळवत असे.

आणि मग एका सकाळी बायकोला मशीनवरच झटका आला. तो बाजारात गेला होता. परत येऊन बघतो तर ती खुर्चीत एका अंगावर कलंडलेली, पाय मशीनच्या पेडलवर तसाच, मशीन घरघरत चाललेलं, सुई कापड सोडून नुसतीच वरखाली होत होती. दवाखान्यातून ती परत आली तेव्हा तिचं उजवं अंग लुळं पडलं होतं. बोलणं होतं, पण अंधारात भिंत चाचपडत चालणाऱ्या माणसासारखं. एक शब्द सापडला की ती थांबायची, दम घ्यायची, मग पुढचा. मशीन भिंतीकडे सरकवलं आणि त्या जागी तिची खाट आली. सकाळी तिचं करायला एक बाई येऊ लागल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या दुपारी गेल्या की घरात दोघंच.

सुरुवातीला त्याला वाटलं, जमेल. एका संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. तिचे डोळे मिटलेले बघून तो म्हणाला, "पाच मिनिटांत आलोच." वर गेलं की पाच मिनिटं किती लांबतात हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो उतरला तेव्हा ती खाटेखाली पडलेली होती, गाल थंड फरशीला टेकलेला. रडत नव्हती. त्यानं तिला कसंबसं उचलून खाटेवर घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "हाक..." मग बराच वेळ पुढचा शब्द सापडेना. तो वाट बघत उभा. "...मारली."

त्यानं शपथबिपथ काही घेतली नाही. दुर्बीण पेटीत घातली, पेटी खाटेखाली सरकवली आणि गच्चीचा जिना चढणं सोडून दिलं.

अधिक्रमणाचा दिवस जवळ आला तसा औषधवाल्याचा फोन आला. "या वेळी टेकडी दुसरी निवडलीय. तिथे म्हणे ढग येतच नाहीत. तुझी जागा धरलीय गाडीत."

"बघतो," गच्चीवाला म्हणाला.

त्यानं खरोखरच बघितलं. त्यानं मेहुणीला फोन केला, एक रात्र येऊन राहशील का म्हणून. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, मागच्या वेळी गेला होतात ना?" तिनं फोन आपटला नाही, नीट ठेवला. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "रात्रीचं नाही हो जमत काका, माझंही घर आहे." म्हणजे दारं बंद. तो काही देवमाणूस नव्हता. पुढे दोन-तीन दिवस त्यानं तोंड पाडलं. सूप ठेवताना वाटी जरा जोरातच ठेवली. तिच्या डोक्याखालची उशी नीट करताना त्याच्या मनात एक विचार येऊन गेला. त्या विचाराची त्याची त्यालाच इतकी लाज वाटली, की तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला.

तिला सगळं कळत होतं. शरीर अर्धं गेलं होतं, डोकं पूर्ण शाबूत होतं.

"कधी... आहे?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुमचा... शुक्र."

त्यानं सांगितलं. सूर्य उगवेल तेव्हाच ठिपका त्याच्यावर आलेला असेल आणि दिवस बराच वर आल्यावर बाहेर पडेल. बोलता बोलता त्याची नजर खिडकीकडे गेली. पूर्वेची खिडकी. समोरच्या दोन इमारतींमध्ये फट होती आणि सकाळचं ऊन त्या फटीतून थेट तिच्या खाटेवर यायचं. आजवर ही खिडकी त्यानं तिच्या शिलाईची खिडकी म्हणूनच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खाटेखालून पेटी ओढली.

सूर्याकडे दुर्बीण लावायची म्हणजे खेळ नाही. भिंगातून गोळा झालेलं ऊन डोळ्यात गेलं तर दुखायच्या आधीच नजर जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मंडळात नवीन कुणी आला की औषधवाला त्याच्यासमोर दुर्बिणीच्या डोळा लावायच्या टोकाशी वाळकं पान धरायचा. पान धूर सोडून पेटायचं. तेवढं बघितलं की माणूस जन्मभर विसरत नसे. म्हणून सूर्य बघायचा तो दुर्बिणीतून नाहीच. दुर्बिणीतून येणारा उजेड मागे पांढऱ्या पृष्ठभागावर पाडायचा आणि तिथे उमटलेलं चित्र बघायचं. सूर्याकडे पाठ करून सूर्य बघायचा.

त्यानं नेम धरायची छोटी दुर्बीण मोठीच्या अंगावरून काढून कपाटात टाकली, चुकूनही कुणी तिला डोळा लावू नये म्हणून. जाड पुठ्ठ्याला गोल भोक पाडून तो पुढच्या भिंगावर बसवला, म्हणजे आत ऊन कमी जाईल. मागे लावायला जुनं, साधं भिंग निवडलं. नव्या भिंगात काचा चिकटवलेल्या असतात, उष्णतेनं त्यांचा डिंक वितळतो. शिलाईच्या कपड्यांतली एक पांढरी चादर ओढून त्यानं खाटेसमोरच्या भिंतीवर ताणून बसवली. खिडकी सताड उघडून बाकीची सगळी फट ब्लँकेटनं झाकली, नुसतं नळीपुरतं तोंड ठेवलं. नेमही डोळ्यानं धरायचा नव्हता. नळीच्या मागे दुसरा एक पुठ्ठा धरून त्यावर पडणारी नळीची सावली बघायची. ती लहान होत होत नुसती गोल उरली, की दुर्बीण सूर्यावर आली.

खोलीत अंधार झाला आणि भिंतीवर ताटाएवढा पांढरा गोळा उमटला. त्याच्या कडा पाण्यात धरल्यासारख्या थरथरत होत्या.

मावशींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "अगंबाई. हा सूर्य?"

"हाच," गच्चीवाला म्हणाला. खूप दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता.

"माझ्या मुलाच्या छातीचा फोटो आहे घरी, काळा. त्यातून बघतात ना लोक? आणते उद्या."

"नको. त्यातून झळ कमी लागते, पण डोळे जातात. काजळी धरलेली काच, एकावर एक चढवलेले गॉगल, काही म्हणजे काही नाही. भिंतीवर बघायचं. आणि मावशी, या नळीच्या मागे तोंड न्यायचं नाही. कळलं?"

"कळलं की," मावशी म्हणाल्या.

बायको उशीवरून गोळ्याकडे बघत होती.

अधिक्रमणाच्या सकाळी क्षितिजाजवळ धूसर होतं, आणि इमारतींच्या फटीत सूर्य आला तो लालसर, मलूल असा. गच्चीवाल्यानं टोपण काढलं. भिंतीवर गोळा आला. वरच्या बाजूला, कडेपासून थोडा आत, काळाभोर ठिपका. सूर्यावर एरवी डाग असतात, पण ते ओबडधोबड, कडा फिकट झालेल्या. हा तसा नव्हता. कंपासनं काढल्यासारखा गोल होता.

त्याला बसावंसं वाटलं. तो खाटेच्या कडेला बसला. तीस वर्षांत त्यानं जे जे बघितलं होतं त्यात हे एवढं राहिलं होतं, आणि ते आता त्याच्या घरात, भिंतीवर आलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यानं तोंड फिरवलं, तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. भिंतीवर ठिपका एवढासा दिसतोय म्हणजे नळीत मोठा दिसत असणार, असा त्यांचा साधा हिशेब. त्या वाकल्या.

तो ओरडला नाही, ओरडायला वेळच नव्हता. त्यानं हात मध्ये घातला. सगळं ऊन त्याच्या तळव्यावर एका जागी आलं, आणि इंगळी डसावी तसा तो हात झटकत मागे सरला. तिपाई कलली, भिंतीवरचा सूर्य घसरून छताकडे गेला.

"काय सांगितलं होतं?" आता तो ओरडला. "डोळा गेला असता! आयुष्यभर चाचपडत बसला असतात!"

मावशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "मला वाटलं... जवळून..."

"जवळून काही नसतं मावशी! जवळून आग असते नुसती!"

खाटेवरून एक विचित्र आवाज आला. दोघं वळले. बायको हसत होती. तोंडाची एकच बाजू वर जात होती आणि आवाज घशात अडकत होता, पण ती हसतच होती. झटका आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. ती कशाला हसली, हे विचारायचं त्याला धैर्य झालं नाही.

मावशींनी त्याचा हात नळाखाली धरला. मधोमध पांढरा फोड उठला होता. फडकं बांधून त्यानं दुर्बीण पुन्हा लावली, दोन खुर्च्या आडव्या टाकून मागची वाट अडवली आणि तो तिथेच ठाण मांडून बसला. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे गोळा भिंतीवरून सारखा निसटायचा आणि तो बोटानं नळीला हळूच ढकलून त्याला परत आणायचा. मधूनमधून टोपण लावून भिंग थंड होऊ द्यायचा. मावशी स्वयंपाकघरात गेल्या. खोलीत दोघंच राहिली.

बराच वेळ ती बघत होती. मग म्हणाली, "हलत... नाही."

"हलतोय. फार हळू. मघाशी तिथे होता, बघ, आता इथे आलाय."

"केवढा... असतो? खरा?"

"आपल्या पृथ्वीएवढा. जवळजवळ तेवढाच."

"बटणाएवढा... दिसतो. शर्टाच्या."

"हो. तेवढाच दिसायचा."

त्यानं गोळा परत आणला. त्याला वाटलं तिला झोप लागली असेल, पण तिचे डोळे उघडे होते. ती शब्द जुळवत होती. तिच्या कपाळावर आठी पडलेली, सुईत दोरा ओवताना पडायची तशी.

"इतकंच?" ती म्हणाली.

त्याला आधी नीट कळलंच नाही. "म्हणजे?"

"इतकंच... असतं? वर?"

"नाही, खूप असतं. हे एक झालं. शनी आहे, गुरू आहे, तारकापुंज..." तो थांबला. ती भिंतीकडे नव्हती बघत, त्याच्याकडे बघत होती.

"मला वाटायचं," ती म्हणाली, आणि मग इतका वेळ गेला की गोळा अर्धा चादरीबाहेर गेला. त्यानं तो परत आणला नाही. "काहीतरी... मोठं... असणार. फार मोठं. म्हणून... मी कधी... बोलले नाही."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. खरंच मोठं असतं, असं म्हणायचं होतं. हा ठिपका म्हणजे एक अख्खं जग आहे, त्याच्यावर ढग आहेत, डोंगर आहेत, हे तिला सांगायचं होतं. आपण तुला एकदाही वर नेलं नाही, तू एकदा म्हणाली होतीस तेव्हा थंडी आहे, जिना अंधारा आहे असं सांगून टाळलं होतं, तेही आता त्याला आठवलं. यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. बोलता येत नव्हतं ते तिला, आणि गप्प बसला होता हा.

सूर्य वर चढत होता. खिडकीवरचा छज्जा आता नळीच्या आड येऊ लागला. भिंतीवरचा गोळा वरून कापला गेला. ठिपका दुसऱ्या कडेच्या जवळ पोचला होता, पण बाहेर पडायला अजून अवकाश होता. गच्चीवाल्यानं तिपाई खाली केली, नळी खिडकीबाहेर काढता येईल तेवढी काढली. व्यर्थ. गोळ्याची नुसती फाक उरली आणि मग तीही गेली. खोलीत अंधार झाला.

"संपलं?"

"नाही. छज्जा आडवा आला. शेवट गच्चीवरूनच दिसेल."

"मग... जा."

"नको."

"मावशी... आहेत. जा." तिनं डावा हात उचलून दाराकडे केला. "लक्ष... वरच आहे. तुमचं."

तो गेला. याबद्दल पुढे त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारलं, पण त्या क्षणी त्याचे पाय आपोआप निघाले होते. दुर्बीण खोलून, वाहून, पुन्हा लावण्याइतका वेळ नव्हता. त्यानं कपाटातून वेल्डिंगची सगळ्यात गडद काच तेवढी उचलली. साध्या सूर्यदर्शनाला मंडळातले लोक तीच वापरायचे. गच्चीवर दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. त्या बाजूला सारून तो उभा राहिला आणि काच आधी डोळ्यांवर नीट धरून मगच त्यानं मान वर केली.

हिरवट, मटाराएवढा सूर्य. त्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी. होतं की नव्हतं, हेही नीट सांगता येईना. त्यानं डोळे ताणले. टोक कडेला चिकटलं, कडेत मिसळलं, आणि नेमकं कधी गेलं ते त्याला कळलंच नाही. तो वाट बघत राहिला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण आता नुसता सूर्य बघत आहोत.

काच खाली घेऊन तो कठड्याशी उभा राहिला. तळहात ठणकत होता. त्याला वाटलं होतं की काहीतरी वाटेल.

खाली आला तेव्हा मावशींनी ब्लँकेटं काढून खोली पुन्हा उजेडात आणली होती. बायकोला कुशीवर वळवलं होतं, भिंतीकडे तोंड करून.

"गेला?" तिनं न वळता विचारलं.

"गेला."

"परत... कधी?"

"आता नाही. शंभराच्या वर वर्षं आहेत. आपल्याला नाही दिसायचा."

"मग आता... घरीच ना?"

"घरीच," तो म्हणाला.

दुपारी औषधवाल्याचा फोन आला. त्यांच्या टेकडीवर, जिथे ढग येतच नाहीत, तिथे सकाळीच ढग आले आणि मंडळाला घटकाभरही काही दिसलं नाही. "आम्ही एवढ्या लांब जाऊन आलो," औषधवाला म्हणाला, "आणि तू घरात बसून सगळं बघितलंस. नशीबवान आहेस लेका." गच्चीवाला हो म्हणाला.

पुढे काही महिने तो खरोखर घरीच होता. तिला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, केस न ओढता कसे विंचरायचे, हे सगळं तो मावशींकडून शिकला. संध्याकाळी तिच्याजवळ खुर्ची घेऊन बसायचा. बोलायला फार काही सापडत नसे. इतकी वर्षं न बोललेली माणसं, एकदम काय बोलणार? उशी उंच झाली का, खिडकी लावू का, ठकीचा फोन आला होता का, यावरच गाडी अडायची. एकदा त्यानं विचारलं, "त्या दिवशी का हसली होतीस?" ती आठवत राहिली. शेवटी तिनं मानेनंच नाही म्हटलं. आठवत नाही की सांगायचं नाही, ते त्याला समजलं नाही.

थंडी सुरू झाली आणि तिला दुसरा झटका आला. तो स्वयंपाकघरात सूप गाळत होता. आत आला तोवर सारं संपलं होतं. ठकी आली, आठवडाभर राहिली, बापाच्या गळ्यात पडून रडली, मशीन कुणाला तरी देऊन टाकलं आणि परत गेली.

नंतर बऱ्याच महिन्यांनी औषधवाला घरी येऊन बसला. मंडळाच्या सभेत तू बोललंच पाहिजेस, म्हणाला. आपल्यात फक्त तूच अधिक्रमण पाहिलंस, नवी मंडळी आलीत, त्यांना सांग कसं केलंस. गच्चीवाल्यानं आढेवेढे घेतले, पण घरात बसून तरी काय करायचं होतं? तो गेला. शाळेच्या एका वर्गात सभा होती. बाकांवर लोक कोंबून बसलेले. त्यानं पुठ्ठ्याच्या भोकापासून सुरुवात केली. नेम धरायची दुर्बीण काढून का ठेवायची, सावलीवरून नेम कसा धरायचा, नळीमागची वाट का अडवायची, सगळं सांगितलं. तळहातावरचा डाग दाखवला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईंनी तोंडावर हात नेला. तो चांगलं बोलला. सगळ्यांना आवडलं.

मागून कुणीतरी विचारलं, "तुम्ही एकटेच होता?"

"नाही. बायको होती. आणि मावशी."

"मग त्यांना कसं वाटलं? बाईंना?"

गच्चीवाल्यानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. "ती म्हणाली..." त्यानं सुरुवात केली. सगळे त्याच्याकडे बघत होते. औषधवालाही बघत होता. त्यानं पाण्याचा घोट घेतला, ग्लास जागेवर ठेवला.

"आवडलं तिला," तो म्हणाला. "खूप आवडलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो आपल्या बाकावर जाऊन बसला, आणि धूमकेतूंवर बोलायला दुसरे एक गृहस्थ उठले.